आक्काला स्टेशनवर पोचवताना

चार दिवसांसाठी आलेली आक्का दोन महिन्यांनी एकदाची निघाली, आणि घरापासून मैलभरावर घड्याळजींची मोटार आचके देऊन थांबली. स्टेशन अजून चार मैल. घड्याळजींच्या खिशातलं घड्याळ साडेनऊ दाखवत होतं आणि आक्काची गाडी होती अकराची.

"मला काय!" मागच्या सीटवरून आक्का म्हणाली. "गाडी चुकली तर उन्हाळा इथंच काढीन."

तिच्या शेजारी बसलेल्या बायकोने घड्याळजींच्या पाठीकडे असं पाहिलं, की कोटाला आरपार भोक पडावं. दोन महिन्यांत आक्काने मिठापासून मच्छरदाणीपर्यंत सगळ्यांत खोट काढली होती. कालच "या मोटारीच्या वासानं डोकं उठतं रे" म्हणून झालं होतं, आणि घड्याळजींनी संध्याकाळीच वासाचा बंदोबस्त करून टाकला होता. दुसऱ्यांच्या यंत्रांतली खोट शोधणं हा त्यांचा धंदाच. स्वतःच्या हातात ती असू शकते, असं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मोटार तीन मालक पाहून आलेली, त्यामुळे मिस्त्रीला सोबत घ्यायचा शिरस्ता होता. तो उतरला. काहीही बिघडलं तरी आधी टाकीचं झाकण काढून आत काडी बुडवायची, हा त्याचा नेम.

"पेट्रोल आहे. म्हणजे प्लग." त्याने प्लग काढून पुसला, हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं. "बघा मालक! नुसती काजळी."

मैलभरावर पुन्हा आचके. पुन्हा काडी.

"पेट्रोल आहे. म्हणजे कार्बोरेटर." गाल फुगवून त्याने नळीत फुंकर मारली. इंजिन चालू. "कचरा होता!"

तिसऱ्या मैलाला घड्याळजींनी बाह्या सरसावल्या. "मॅग्नेटो. ठिणगी पाडणारं ते, घड्याळाचंच भावंड, तुला नाही कळायचं." मिस्त्रीने रागाने का होईना, काडी बुडवलीच. घड्याळजींनी बारीक कानशीने मॅग्नेटोची टोकं घासली. इंजिन चालू!

"हात लागतो त्याला," घड्याळजी म्हणाले.

तो हात बरोबर एक मैल पुरला. दहा पस्तीस झाले होते. बायको आता रडायच्या बेतात होती.

आक्का छत्री टेकत खाली उतरली. "काय रे, दर वेळी तुम्ही निराळंच काहीतरी खोलता. पण एक वस्तू दर वेळी खोलता."

"कोणती?"

"ते झाकण. आता दुसऱ्या कशाला हात न लावता तेवढंच उघडा."

मिस्त्री हसला. घड्याळजींनी झाकण फिरवलं, तशी फुस्सकन हवा आत शिरली. हँडल एकदाच मारलं. इंजिन चालू. मिस्त्रीचं हसू मावळलं.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?" आक्का म्हणाली. "दोन थेंब येतात नि थांबतं. वारा आत जायला दुसरं लागतं. तुमच्या टाकीला कुठाय?"

"आहे की! झाकणालाच असतं, सुईएवढं," मिस्त्री म्हणाला.

झाकण घड्याळजींच्या हातात होतं. त्यांनी ते उलटं केलं. सुईएवढ्या भोकात काल संध्याकाळची लाल लाख बसली होती. घोटून गुळगुळीत केलेली, सुबक. त्यांचे कान त्याच रंगाचे झाले. सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी खिशातल्या चिमट्याने ती टोकरून काढली.

"काय होतं हो?" बायकोने विचारलं.

"कचरा."

"रस्त्याची धूळ, दुसरं काय!" मिस्त्रीनेही री ओढली.

शेवटचा मैल मोटार लोण्यातून सुरी जावी तशी गेली. गाडी सुटायला सात मिनिटं होती. सामान चढलं, आक्काला खिडकी मिळाली, आणि बायकोने दोन महिन्यांत प्रथमच मनापासून तिचा हात धरला. "सांभाळून जा हं, आक्का." तिचा आवाज सुटकेने भरून आला होता. मग ती पाणी भरून द्यायला नळाकडे धावली.

आक्का खिडकीतून वाकली. "लाख छान घोटली होतीस हो. वास अगदी बंद."

"आक्का, हिला..."

"छे रे, मी कशाला सांगते? पुढच्या महिन्यात चार दिवस येईन म्हणते. मोटार घेऊन ये."

बायकोने पाण्याचा तांब्या आत दिला आणि गाडी हलली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर तिने पोटभर श्वास सोडला.

"काय म्हणत होत्या?"

घड्याळजींनी चिमटा खिशात आणखी खोल सारला. "मोटार आवडली म्हणाली."