वैशाखातलं धुकं

विश्वंभरच्या शर्टाचं माप घेता घेता खाजा मिया थांबला. टेप गळ्यात टाकून त्यानं विश्वंभरचे दोन्ही हात धरले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"हा उजवा हात कुणाचा आणला बे? डावा तर तुझाच वाटून राहिला."

खोटं नव्हतं. वीस वर्षं हिंगोली ते कनेरगाव नाका काळी-पिवळी जीप चालवून विश्वंभरचा खिडकीकडचा हात करपलेल्या भाकरीसारखा झाला होता. संध्याकाळी तो इतका चुरचुरायचा की घरी आल्याबरोबर विश्वंभर त्याला हौदात बुडवून बसायचा. पण ही गोष्ट बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हती. वाघासारखा ड्रायव्हर उन्हाला भितो, असं स्टँडवर कळलं तर संपलंच.

"राबणारा हात हाय तो, खाजाभाई. काळाच असणार."

"गिअर कोणत्या हातानं टाकतो?"

"डाव्या."

"मग तो काय बसून खातो? ऊन हाय ते, ऊन! आमच्या पोरीच्या, आलियाच्या मेडिकलात सनस्क्रीन भेटतं. लाव."

"बायकांचा चुना!" विश्वंभर हसला. "मलमानं ऊन अडलं असतं, तर लोकांनी छपराला ट्यूबच फासली नसती का?"

पँट आखूड करायला आलेला उत्तमसिंग मिशीत हसला. तोही त्याच स्टँडवरचा ड्रायव्हर. एवढा प्रेक्षक मिळाल्यावर दोघा शेजाऱ्यांची पैज लागायला कितीसा वेळ लागणार? विश्वंभरनं महिनाभर उजव्या हाताला मलम लावायचं. हात उजळला, तर भर दुपारी स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांच्या हाताला त्यानं स्वतः मलम चोळायचं. नाही उजळला, तर खाजा मियानं दिवसभर तिथं उभं राहून "नाका, नाका" ओरडत त्याची गाडी भरायची.

"मलम मी लावून देईन," विश्वंभरची बायको मंजुळाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या. "ह्यांचा भरोसा न्हाई."

भरोसा नव्हताच. रोज सकाळी विश्वंभर गरीब गाईसारखा हात पुढं करायचा, मंजुळाबाई कोपरापर्यंत मलम चोळायच्या, आणि गल्लीचं वळण संपताच सीटखालचं फडकं काढून हा सगळं पुसून टाकायचा. पंधरा दिवसांत ते फडकं लोण्यात बुडवल्यासारखं झालं.

सोळाव्या दिवशी खाजा मिया नाक्याला लग्नाच्या कपड्यांची मापं घ्यायला निघाला, तो विश्वंभरच्या शेजारीच येऊन बसला. मागं आठ माणसं, त्यात डाव्या खिडकीला रोजची सवारी पारुबाई. अर्ध्या वाटेत समोरून हळदीची ट्रॉली धडधडत गेली आणि जीपच्या काचेवर पिवळी भुकटी बसली. विश्वंभरनं गाडी थांबवली, सवयीनं सीटखालचं फडकं काढलं आणि काच खसाखसा पुसली.

काचेची कढी झाली.

फडकं सीटखाली कोंबून तो गाडीत बसला आणि निघाला.

"काच पांढरी काहून दिसून राहिली?" खाजा मियानं विचारलं.

"धुकं हाय."

"वैशाखात? दुपारी बाराला?"

"नाक्याकडचं हवामान येगळं असतं."

विश्वंभरनं वायपर लावला. कढी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. थांबून बाटलीभर पाणी ओतलं. पण ते मलम पाण्यानं न जाणारं होतं, आलियानं मुद्दाम भारीतलं दिलं होतं. शेवटी समोरचं काहीच दिसेना, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली. नऊ माणसं भर उन्हात खाली उतरली. पारुबाईनं काचेवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"अरे लेका, हे तर माझी नात तोंडाला लावती!"

सगळे विश्वंभरकडं बघायला लागले. फडक्याचं सांगावं तर लबाडी बाहेर पडत होती, आणि ती मंजुळाबाईंच्या कानावर जाणार होती. मग जे पहिलं तोंडात आलं ते त्यानं बोलून टाकलं.

"व्हय, मीच लावलं. काचेला. ऊन आत येऊ नये म्हणून."

"मग आलं का आत?" पारुबाईनं विचारलं.

"काय बिशाद! गाडीत गार वाटत नव्हतं का तुमाला?" विश्वंभरला आता जोर चढला. "एक नंबर मलम! ऊन बराबर अडवतं!"

खाजा मियानं चष्मा पुसून डोळ्यांवर घेतला.

"अजून एकदा बोल, राजा. जरा जोरात. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

विश्वंभर काचेवरचं मलम बाहीनं पुसायला लागला.

"मलमानं ऊन अडत असलं, तर तू हारला," खाजा मिया म्हणाला. "अडत नसलं, तर हे काचेवर काहून आलं ते मंजुळाभाभीला सांग. बोल, काय करतो?"

"हारलो," विश्वंभर म्हणाला. एवढ्या लवकर त्यानं कधी ब्रेकसुद्धा मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता अख्खा स्टँड जमला. खाजा मियानं डझनभर ट्यूबा आणल्या, मंजुळाबाईंनी खुर्ची टाकली. पहिला उत्तमसिंग. बाही वर करून, मिशीला पीळ देत तो ओरडला, "नीट लाव रे, पार्लरवाल्या!"

लोक पोट धरून हसले. विश्वंभर खाली मान घालून चोळत राहिला. तेवढ्यात उत्तमसिंग वाकला आणि हळूच म्हणाला, "मानेला बी लाव जरा. लई जळती."

विश्वंभरचा हात थांबला. "तुझी बी?"

"मग? घरी गेलो की ओला टावेल टाकून पडतो. कुणाला सांगू नको."

पुढच्यानं कान दाखवला. त्याच्या पुढच्यानं टक्कल. हसणं कमी कमी होत गेलं आणि रांग वाढत गेली. विश्वंभरची मान हळूहळू वर आली. मधेच त्यानं एक मोठा गोळा स्वतःच्या उजव्या हातावर पिळला आणि सगळ्यांसमोर कोपरापर्यंत चोळला. फडकं कुणी मागितलं नाही.

एवढ्यात पारुबाईनं पुढं येऊन आपला डावा हात टेकवला.

"मावशी, हे ड्रायव्हर लोकांचं हाय," विश्वंभर म्हणाला.

"आन् मी डाव्या खिडकीला बसते, मला ऊन सोडतं का?"

तिच्यामागं सगळी सवारी उभी राहिली. पलीकडं उत्तमसिंग रिकाम्या जीपपाशी "नाका, नाका" ओरडत होता, पण कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं.

"ढकलाढकली नको!" विश्वंभरनं नवी ट्यूब उघडली. "सगळ्यांना लावतो. आधी खिडकीवाले!"