सरक, दिसत नाई

स्वयंपाकघरात खण्णकन झाकण पडलं. टीव्हीवरच्या चौकशीत वकिलानं नुकतंच विचारलं होतं, "ही सही तुमचीच ना?" आणि साक्षीदार इतका वेळ गप्प होता, की ताराबाई आणि तिची सून रंजीता श्वास रोखून बसल्या होत्या.

"मांजर असंल. जाऊन पाय वं जरा," ताराबाई म्हणाली.

"जाते, आत्याबाई. एवढं बोलू द्या त्याले."

साक्षीदार पाणी प्यायला, घाम पुसला आणि म्हणाला, "आठवत नाही." रंजीता उठली तोवर मांजर मरळ तोंडात धरून कुंपणापार झालं होतं.

रंजीताच्या नवऱ्यानं, निकेशनं, पहाटे तळ्यातून आणलेला तो मासा मनसारामसाठी होता. ताराबाईचा हा धाकटा भाऊ चोवीस वर्षांनी तिच्या घरी जेवायला येत होता.

तो शेवटचा आला तेव्हा मोहल्ल्यात एकच टीव्ही, तोही ताराबाईकडे. कुण्या मंत्र्याची चौकशी चालली होती आणि ओसरीभर माणसं. मनसाराम नागभीडहून सायकल मारत आला, नेमका टीव्हीच्या आड उभा राहिला. ताराबाई वर न पाहताच म्हणाली, "सरक गा, दिसत नाई."

तो सरकला तो थेट नागभीडलाच. पुढे लग्नाकार्यात भेटे. पण बहिणीच्या घरचं पाणी काही त्यानं घेतलं नाही. यंदा भाऊबीजेला तीच ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्या दारात गेली, तेव्हा कुठे "येतो" म्हणाला.

"आता काय वाढू त्याच्या ताटात?" ताराबाईचे डोळे भरले. "बंद कर तो टीव्ही."

"करते. लाखोळीची डाळ टाकते आधी."

डाळ चढवून रंजीता टीव्ही बंद करायला आली, तेवढ्यात दुसरा माणूस साक्षीला बसला; आणि तो निघाला पहिल्याचा मेहुणा. मेहुणा म्हटल्यावर ताराबाईही टेकली. करपल्याचा वास आधी रंजीताच्या सहा वर्षांच्या मोनालीला आला, आणि त्याच वेळी मनसाराम दारात.

"काय जळून राह्यलं, बाई?"

"मासा मांजरानं नेला, डाळ करपली," ताराबाईनं एका दमात कबुली दिली. "आमी टीव्ही पाहून राह्यलो होतो. जायचं तर जा गा, कोणत्या तोंडानं अडवू?"

मनसाराम आत आला. बाजेवर बसला. ताराबाई पाणी घेऊन समोर उभी राहिली. त्यानं मान वाकडी केली, तिच्या कमरेजवळून पाहिलं, आणि हातानंच तिला बाजूला व्हायची खूण केली.

ताराबाई सरकली.

"मेहुणा खोटं बोलून राह्यला, बाई."

"मले तर आधीच वाटलं होतं," म्हणत ती त्याच्या शेजारी टेकली. पाणी आपण कधी प्यालो, हे मनसारामलाही कळलं नाही. करपलेली डाळ नि भात दोघांनी टीव्हीसमोरच खाल्ला. रंजीता टीव्ही सोडून त्या दोन पाठींकडेच पाहत राहिली.

"आजी, त्या टायमाच्या मंत्र्याचं काय झालं मंग?" ती जुनी गोष्ट घरात ऐकलेल्या मोनालीनं विचारलं. "चोरी केली होती का त्यानं?"

ताराबाईनं भावाकडे पाहिलं. भाऊ भात कालवू लागला. "झालं असंल काहीतरी," तो म्हणाला. "कोणाच्या ध्यानात हाय आता?"

मोनाली आईकडे वळली.

"आई, ह्या टीव्हीतल्याचं तरी तुले ध्यानात राहीन का?"