आप्पा अस्वल आणि मटेरियलची व्युत्पत्ती

एका जंगलात, मुलांनो, ओढ्याच्या बांधाला भगदाड पडलं. साठी उलटलेल्या मुलांनीही नीट ऐका.

भगदाडाखालीच मंजुळा घुशीचं बीळ होतं. आत तिची पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. पाणी बिळाकडे सरकत होतं. भगदाड बुजवायला तरुण प्राण्यांनी माती, दगड, ओंडके आणून शेजारीच ढीग घातला. त्याला ते ‘मटेरियल’ म्हणत.

ज्येष्ठांना हे खटकलं. परका शब्द तपासल्याशिवाय ढिगाला हात लावायचा नाही, असं ठरलं. लगेच परिसंवाद ठेवला. व्यासपीठ हवं, म्हणून त्याच ढिगावर सतरंजी अंथरली. अध्यक्ष आप्पा अस्वल वर जाऊन बसले.

विद्वान बगळेगुरुजींनी अर्थ सांगितले. घर बांधायला लागतं ते मटेरियल. पडद्याचं कापडही मटेरियल. भाषणासाठी इकडून तिकडून जमवतात, तेही. आणि खाली मान घालून चहा आणणारी मुलगी म्हणजे लग्नाचं मटेरियल. इथे ज्येष्ठ मनमुराद हसले.

मंजुळा पुढे आली. “आप्पा, जरा उठता का? खालची माती हवी होती.”

“बाळ, आभारप्रदर्शनाआधी अध्यक्ष उठत नसतात.”

गुरुजी मुळाशी पोचले. शब्द लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ लाकूड. खोड म्हणजे फांद्यांची आई, म्हणून तो ‘मातेर’, म्हणजे ‘आई’, या शब्दावरूनच आला, असं जाणकार मानतात.

“म्हणजे आपलीच माता,” आप्पा गहिवरले. “परक्यांनी पळवली.”

टाळ्या पडल्या. मातृशक्तीचा सत्कार करायचं ठरलं. समोर एक आई उभीच होती. तिला नारळ दिला.

“यानं भोक बुजेल का?” मंजुळानं विचारलं.

तिला मागे बसायला सांगितलं. ती मागे गेली, पण बसली नाही. सतरंजीखाली शिरून तिनं माती उकरायला घेतली.

आभार मंडपवाल्यापर्यंत आले आणि व्यासपीठ खचलं. आप्पा घसरले ते थेट भगदाडात जाऊन घट्ट बसले. पाणी थांबलं. बीळ कोरडं राहिलं.

“अगं, मला बाहेर काढ,” आप्पा म्हणाले.

मंजुळा पिल्लांकडे निघाली होती. ती वळली.

“आप्पा, आभार अजून संपले नाहीत. अध्यक्ष उठत नसतात.”

गुरुजींनी मटेरियलचा आणखी एक अर्थ टिपून घेतला.

तात्पर्य : ज्येष्ठ हे समाजाचा आधार असतात. फक्त त्यांना योग्य जागी बसवावं लागतं.