कवायत मास्तरांनी भूकंपाशी दिलेल्या झुंजीची हकीकत

शाळेवर भूकंप चालून आला असता काय पराक्रम जाहला, ते खरेखुरे लिहून ठेवावे, ऐसे वरून फर्मान आले. बखरकाराची बुद्धी बेताची, अक्षर त्याहून बेताचे, आणि भूकंप तर मुळी आलाच नाही. तथापि तो आला ऐसे समजून सर्वांनी वागावे हाच वरचा हुकूम, म्हणोन बखरकारही तैसेच समजून लिहितो.

तर, आपत्तीस तोंड देण्याची शाळांची तयारी किती, हे पारखावयास तपासनीस साहेब गळ्यात घड्याळ अडकवून दाखल जाहले. शाळेचे आपत्ती-सरलष्कर म्हणजे कवायत मास्तर. मास्तर उंचीने ठेंगणे, आवाजाने दांडगे, आणि शिटी हीच त्यांची दौलत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी आदले दिवशीच बजाविले होते की शाळा नापास जाहली तर सरलष्करी काढून शिटी गाण्याच्या बाईंचे स्वाधीन करावी. त्यात गाण्याच्या बाईंस शिटीसुद्धा सुरात वाजवावयाची खोड, हे दुःख वेगळेच.

मग घंटा घणघणली, भूकंप जाहला ऐसे मानण्यात आले, आणि मास्तरांनी शिटी फुंकिली, आणि फौज वर्गांतून निघोन व्हरांड्यात आली, आणि तेथेच थांबली. कारण मास्तरांचे राज्यात रांग म्हटली की उंचीप्रमाणे, एक हात अंतर सोडून. मग बुटके पुढे, लंबे मागे, ऐसी उलथापालथ सुरू जाहली. दोघे जण आपणच उंच म्हणोन पाठीला पाठ लावून अडून बसले, आणि मास्तर जातीने त्यांचे डोक्यावर पट्टी धरून न्याय करू लागले, आणि माथ्यावरील छप्पर कल्पनेत कोसळत राहिले. शेवटी साहेबांनी घड्याळ बंद करून फर्माविले, "मास्तर, इमारत पडली. एव्हाना ढिगारासुद्धा उपसून झाला असेल."

ऐसी शिकस्त! मास्तरांचे तोंड एवढेसे जाहले. परंतु साहेब भला माणूस. त्यांनी आणिक एक भूकंप मंजूर केला.

दुसरे भूकंपापूर्वी मास्तरांनी हुकूम सोडिला की रांग करू नये, थेट मैदान गाठावे. पण वर्षानुवर्षांची तालीम ती. शिटी ऐकताच फौज पुन्हा उंचीच्या मागे लागली. मास्तरांनी कपाळाला हात लाविला. आपणच लाविलेले वळण आपल्याच मुळावर उठले, आता सांगावे कोणास? मग जी शिटी वाचवावी म्हणोन एवढा खटाटोप, तीच खिशात कोंबून, हयातीत कधी तोंडातून न निघालेले बोल ते बेंबीच्या देठापासून ओरडिले, "अरे, उंची गेली खड्ड्यात! निघा! जसे असाल तसे निघा!"

मग फौज ऐसी सुटली की लंबे, बुटके, कोणाचा हात कोणाच्या हातात, कोणाच्या बुटाची नाडी लोंबते आहे, आणि बघता बघता मैदान भरून गेले. ना रांग, ना अंतर. ते ध्यान पाहून मास्तरांचे डोळे पाणावले. थोडे आनंदाने, बरेचसे रांगेच्या दुःखाने.

साहेबांनी पुसिले की सगळे आले का. तेव्हा मास्तरांची लेक, सातवीतली, सर्वांत उंच म्हणोन आजवर रांगेच्या शेपटास राहिलेली, मैत्रिणीचा हात न सोडता मैदानातून ओरडली, "सगळे आलोय! बाबा, तुम्हीच तेवढे आत राहिलात!"

पाहतात तो खरेच. मास्तर व्हरांड्यात, बरोबर तुळईखाली, कमरेवर हात ठेवून उभे.

मग निवाडा जाहला तो येणेप्रमाणे: शाळा उत्तीर्ण, मुले झाडून सर्व सुखरूप, शिटी मास्तरांकडे कायम, कवायत मास्तर ढिगाऱ्याखाली खर्ची पडले. ही फत्ते मोठ्या बलिदानाने साधली, ऐसी नोंद होऊन खाली सरलष्करांची सही हवी होती, म्हणोन मयत मास्तर स्वतः चालत आले, आणि साहेबांकडून पेन मागून घेऊन वळणदार सही करते जाहले.