गोधडीची पाठ

टाकेबाईंच्या गोधडीचं तोंड कधीच तयार झालं होतं. घोडं अडलं होतं ते पाठीपाशी. हाताला लागेल ते शिवतात म्हणून 'टाकेबाई' हे नाव त्यांना नवऱ्यानेच दिलेलं. ही गोधडी होती थोरल्या नणंदेसाठी, आणि नणंद अशी की चंद्र दाखवला तर आधी डाग मोजेल. तिच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचंच, असा टाकेबाईंनी पण केला होता.

अस्तराचं कापड अखंड हवं, मधे जोड नको, हा त्यांचा हट्ट. दुकानदार ताग्यामागून तागा उलगडत राहिला. हा पन्ह्याला कमी, तो धुतल्यावर आटेल, त्याचा रंग जाईल.

"बाई, दोन पट्टे जोडा की!" तो शेवटी वैतागला. "पाठ कोण बघतंय?"

"आमच्या वन्सं," म्हणत टाकेबाई रिकाम्या हाताने परतल्या.

घरी कपाटाच्या तळाशी मात्र घबाड हाती लागलं. पिवळीधमक चादर, तिच्यावर जांभळे मासे. कुणीतरी कधीतरी दिलेली. ती अंथरायची हिंमत घरात कुणाला झाली नव्हती. पण सूत काय मऊ, आणि पन्हा ऐसपैस! टाकेबाईंनी ती गरम पाण्यात भिजवली, आटायची तेवढी आटू दिली, वाळवून इस्त्री फिरवली, चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेवून कापली आणि शिवायला बसल्या. शेवटचा टाका पडला, तेव्हा नवरा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला.

"हे मासे... ताईने दिलेली चादर ना ही?"

"अहो, हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे? उद्या येतेय ती. मी दिलेली चादर मलाच पांघरायला दिली म्हणून जन्मभर ऐकवेल."

आता मासे बुडवणं भाग होतं. त्यांच्यावर निळ्या कापडाचं दुसरं अस्तर चढलं. घाईत मिळालं ते अरुंद, त्यामुळे मधोमध जोड आलाच. थर एवढे झाले की सुई आत जाईना, गेली तर बाहेर येईना. टाकेबाई सुई खुपसत आणि नवरा पलीकडून पकडीने ओढे. त्याला हसू आवरेना.

"दात काढू नका," टाकेबाई करवादल्या. "सुई काढा!"

नणंद आली. तिने गोधडी आधी उलटीच केली.

"मधे जोड? आणि केवढी ही जड!"

"माया भरलीय गं आत," नवरा म्हणाला.

नणंद चक्क हसली. "छान आहे हो," म्हणाली. टाकेबाईंना अगदी भरून आलं. तेवढ्यात नणंदेने दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"एक काम होतं गं. मी दिलेली ती माशांची चादर जरा परत दे. सासूबाईंनी हौसेने आणली होती माझ्यासाठी. त्या राहायला येताहेत, आल्या आल्या विचारतील. मी ती इकडे खपवली हे कळलं, तर माझी काही धडगत नाही."

नवऱ्याला ठसका लागला. टाकेबाईंनी कात्री आणून निळ्या अस्तराचा कोपरा उसवला. एक जांभळा मासा बाहेर डोकावला.

"कापलीस?" नणंद किंचाळली.

"तुम्ही खपवलीत," टाकेबाई म्हणाल्या, "मी कापली."

नणंदेने कोपरा आणखी उलटून मासा नीट बघितला. मग तिने खाली बसकण मारली.

"दुसरी कात्री आण. सगळं निळं काढून टाकू. सासूबाईंना सांगते, तुमची चादर जिवापाड जपायची म्हणून तिची गोधडी केली." तिने एक दोरा कचकन कापला. "आणि हे बघ, शिवली मी. तू मधे बोलू नकोस."