भुंडेश्वराचं मडकं

एका जंगलात भांडण चाललं होतं. आपण जरा उशिराच पोचलोय, मुलांनो, तेव्हा पाय न वाजवता बसा आणि मधूनच ऐका. काही बिघडत नाही. हे भांडण कुठूनही ऐकलं तरी पहिल्यापासून ऐकल्यासारखंच वाटतं.

"धोंडा लोटायचा म्हणजे लोटायचा!" गवेराव खूर आपटून म्हणाला. गवेराव म्हणजे गवा, सभेचा अध्यक्ष. तो सगळ्यांत मोठा होता म्हणून अध्यक्ष होता. दुसरं कारण कुणी विचारलं नव्हतं.

"कुणावर लोटता? उंदरावर?" झाडावरून हुप्पाजी वानर ओरडला. "अहो, बिनशेपटाचा उंदीर तो! ढेकूण मारायला तोफ लावता का?"

"त्या उंदराकडे मडकं आहे!"

"मडक्यात काय आहे ते बघितलंय कुणी?"

"आग्या मोहोळ आहे!"

"मोहोळ तुमच्या डोक्यात आहे!"

"अरे, माझं ऐका," खालून एक चिरका आवाज आला. "माझं बीळ त्या टेकडीला लागून आहे. मी सांगते..."

"कोण बोललं?" गवेरावने खाली न बघता विचारलं.

"चिचुंद्री आहे," हुप्पाजी नाक धरून म्हणाला. "वासावरून कळलं नाही होय?"

सगळी सभा हसली. येसूआजी चिचुंद्री हसली नाही. तिला नीटसं दिसत नसे, पण कोण कोण हसलं ते तिला बरोबर ऐकू आलं, आणि तिने ते लक्षात ठेवलं.

आता ती टेकडी कसली ते सांगायला हवं.

जंगलाच्या कडेला उंदरांची एक टेकडी होती. तिचा राजा भुंडेश्वर महाराज. लहानपणी त्याने पैज मारून खेकड्याच्या बिळात शेपूट घातलं. खेकड्याला पैजेचं काही माहीत नव्हतं. त्याने शेपूट ठेवून घेतलं.

पुढे भुंडेश्वर राजा झाला आणि त्याने पहिलाच हुकूम काढला. टेकडीवर कुणाचंही शेपूट दिसता कामा नये. ज्याने त्याने आपलं शेपूट आपल्या तोंडात धरून चालायचं. झोपतानाही धरायचं. मग दुसरा हुकूम काढून त्याने माथ्यावरचं स्वतःचं बीळ सोडून टेकडीची सगळी बिळं बुजवून टाकली. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

तोंडात शेपूट धरल्यावर बोलता येत नाही. करून बघा. म्हणजे शेपूट नसेल तर वेणी धरून बघा. फक्त "मंऽऽ मंऽऽ" होतं. अख्खी टेकडी दिवसभर मंऽऽ मंऽऽ करत असे.

आणि टेकडीच्या माथ्यावर होतं एक मडकं. तोंडाला फडकं बांधलेलं. भुंडेश्वर अधूनमधून बाहेर येई, मडक्यावर काठी धरी आणि ओरडे, "फोडू का? फोडू का?" की सगळं जंगल बोंबलत ओढ्यापलीकडे पळे. मग ओढ्यापलीकडून त्याला शेंगा पाठवल्या जात. शेंगा संपेपर्यंत तो गप्प. शेंगा संपल्या की पुन्हा "फोडू का?"

येसूआजी मूळची त्याच टेकडीवरची. बिळं बुजवली त्या दिवशी ती मोहाची फुलं वेचायला बाहेर आली होती. परत जाते तर दार नाही. आत तिची बहीण राही. तेव्हापासून आजी टेकडीच्या पायथ्याशीच बीळ करून राहिली. दर मोसमात ती मोहाची फुलं मडक्यात भिजत घाली. गुडघ्यांना चोळायला, असं ती म्हणे. आपण तसंच समजू.

तर आज भांडण पेटलं ते हुप्पाजीमुळे. सकाळी तो टेकडीसमोर गेला, आपलं शेपूट तोंडात धरलं आणि भुंडेश्वरासारखा ठुमकत नाचला. वानरांची पोरं हसून हसून फांद्यांवरून पडली. भुंडेश्वराने रागाने काठी हाणली. मडक्याच्या काठाचा टवका उडाला. हसणं तिथंच थांबलं.

मग गवेरावने टेकडीच्या वर झुकलेल्या कड्याच्या टोकाशी एक धोंडा आणून ठेवला. चांगला बैलगाडीएवढा. सभा त्या धोंड्याभोवतीच बसली होती. गवेराव बोलताना धोंड्याला खांदा टेकवी, धोंडा करकरे, आणि खाली टेकडीवर खडे घरंगळत. प्रत्येक खडा येसूआजी कान देऊन मोजत होती. खड्यांच्या मागोमाग धोंडा गेला की मडकं, टेकडी आणि राही, सगळ्यांचीच चटणी.

"दिवस मावळायच्या आत निकाल लागला पाहिजे," गवेराव म्हणाला. "असल्या माथेफिरूच्या हातात मडकं म्हणजे काय खेळ आहे?"

"आणि तुझ्या गोठणावर तीन मडकी आहेत ती?" आजीने विचारलं.

गवेरावने पहिल्यांदा खाली बघितलं. "ए म्हातारे, ती वेगळी. ती जबाबदार मडकी आहेत. वाडवडिलांपासूनची."

"त्यातल्या माश्या काय हळदीकुंकू लावतात?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. गवेरावने विषय बदलला. "धनेशशास्त्री, तुम्ही बोला. तुमचा टेकडीचा अभ्यास आहे."

धनेशशास्त्री पुढे आले. भली मोठी चोच, त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. बोलायला लागले की आधी चोच पोचे, मग शास्त्री, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी, आलाच तर.

"माझा टेकडीचा अभ्यास असं सांगतो," शास्त्री म्हणाले, "की टेकडीवर कुणीच तक्रार करत नाही. यावरून प्रजा एकतर अत्यंत सुखी आहे, किंवा अत्यंत दुःखी आहे."

"वा!" सभा म्हणाली.

"अरे, तोंडात शेपूट आहे त्यांच्या!" आजी किंचाळली. "तक्रार करायची कशाने? शास्त्रीबुवा, तुम्ही कधी टेकडीवर गेलाय का?"

"छे छे," शास्त्री दचकून म्हणाले. "जवळ गेलं की अभ्यासातला तटस्थपणा जातो."

इतक्यात वारं फिरलं. टेकडीकडून आवाज आला. गूंऽऽऽ. बारीक, लांब, थांबायचं नाव नाही.

सभा जागच्या जागी गोठली. हुप्पाजीने शेपूट पोटाशी घेतलं. ससे एकमेकांच्या खाली शिरायला लागले, त्यामुळे सगळ्यात वर कोण यावरून त्यांच्यात वेगळंच भांडण लागलं.

"मोहोळ," गवेराव कुजबुजला. "ऐकलंत? खवळलंय."

येसूआजीने मान वाकडी करून कान लावला. तिला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. त्या गुणगुणीत एक सूर सगळ्यांपेक्षा चिरका होता. सगळे वर गेले की तो खाली यायचा, सगळे खाली आले की वर जायचा. डाळ करपली, की राही अशीच गुणगुणायची. डाळ करपल्याचा राग ती डाळीवर काढत नसे, आजीवर काढत असे.

"ती राही आहे," आजी म्हणाली. "माझी बहीण आहे ती! माश्या नाहीत, माणसं आहेत! म्हणजे उंदरं! तोंडात शेपटं धरून कण्हतायत, आणि तुम्ही इथं अभ्यास करताय!"

"म्हणजे मडकं रिकामं!" हुप्पाजी टुणकन उठला. "मी काय म्हणत होतो? चला रे, नाचायला!"

"बस खाली, मेल्या! रिकामं आहे असं मी म्हटलं का?"

"मग माश्या आहेत?" गवेरावने धोंड्याला खांदा लावला. खडे घरंगळले.

"असतील. नसतील. मडक्यात मी डोकावलेली नाही, आणि न बघितलेलं सांगायला मी काही शास्त्री नव्हे."

शास्त्र्यांनी चोच दुसरीकडे वळवली.

खरं तर आजीला खोटं बोलता आलं असतं. मडकं रिकामं आहे म्हणाली असती, तर धोंडा थांबला असता. पण मग हुप्पाजी नाचला असता. माश्या आहेत म्हणाली असती, तर नाच थांबला असता, पण धोंडा सुटला असता. म्हणून तिने खरं ते सांगितलं. खऱ्याने तिचा अजून काही फायदा झाला नव्हता, पण सवय वाईट असते.

"हे बघा," ती म्हणाली. "माश्या असतील, तर धोंड्याने मडकं फुटेल आणि त्या तुमच्याच नाकाला येऊन डसतील. नसतील, तर तुम्ही एक टेकडी चिरडाल, आणि त्या बिचाऱ्यांना ओरडताही येणार नाही. म्हणून धोंडा नको. नाचही नको, तो भित्रा आहे, आणि भित्र्याच्या हातात काठी आहे. आणि शेंगा तर मुळीच नकोत. एका शेंगाखाऊला तुम्ही राजा करून ठेवलाय."

"मग करायचं तरी काय?" एका सशाने विचारलं.

"बिळं आतून बुजलीत ना? मग आपण बाहेरून उकरायची. हळूहळू, आवाज न करता. एकेक उंदीर बाहेर काढायचा, त्याच्या तोंडातलं शेपूट सोडवायचं. सगळे निघाले की भुंडेश्वर बसेल एकटा मडक्यापाशी. फोड म्हणावं मग. कुणाला घाबरवशील?"

"याला वेळ किती लागेल?"

"लागेल."

सभेने जांभई दिली. मुलांनो, हे नीट ध्यानात ठेवा. शहाणपणाचं ऐकताना जांभई येते, धोंडा बघताना कधी येत नाही.

"आजी, तुझी भावना पोचली," गवेराव म्हणाला, आणि हे म्हणताना तो आजीकडे नाही, धोंड्याकडे बघत होता. "आता जरा लांब सरक. वास येतोय."

त्याने खांदा लावला. धोंडा करकरला. या वेळी थांबला नाही, बोटभर पुढे सरकला. आजी धावली आणि गवेरावच्या खुराला कडकडून चावली. गवेरावला कळलंसुद्धा नाही. हुप्पाजीने डोळे झाकले, पण बोटांच्या फटी ठेवून.

मग येसूआजी गवेरावच्या नाकासमोरच्या दगडावर चढली आणि एक वाक्य बोलली. ते वाक्य शेवटी सांगू. आधी त्याने काय झालं ते ऐका.

गवेरावचा खांदा धोंड्यावरून असा उचलला गेला, जणू धोंडा तापलेला तवा होता. धोंडा घसरू नये म्हणून त्याच्याखाली झटपट दगड अडकवले गेले. "येसूआजी," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आपण उन्हात का बसलात? जेवण झालं का आपलं?"

हुप्पाजीने नाकावरचा हात काढला, एक मोठा श्वास घेतला आणि केवड्याचा सुगंध येतो आहे असं जाहीर केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो मागे हटला नाही.

धनेशशास्त्र्यांनी टेकडीचा अभ्यास तिथल्या तिथे बंद करून चिचुंद्रीचा अभ्यास सुरू केला. दोन ससे आजीच्या बिळाशी कान लावायला गेले आणि पांढरे होते त्याहून पांढरे होऊन परत आले. "गुडगुडतंय!" ते म्हणाले. "मधूनच बुड्ऽक करतंय!" आणि वास? "वासाने तर डोकंच गरगरलं!" तेवढ्यात आजीसमोर शेंगांचा ढीग लागला होता. तिने तो परत पाठवला. तेव्हा तर सभा फारच घाबरली. शेंगासुद्धा नकोत म्हणजे प्रकरण किती गंभीर!

मग आजीने सांगितलं तसं झालं. साळिंदरं उकरायला बसली. नाच बंद, शेंगा बंद. भुंडेश्वर काही दिवस "फोडू का?" ओरडला, पण सगळं जंगल आता दुसऱ्याच मडक्याला भीत होतं. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. याचं त्याला फार वाईट वाटलं.

बरेच दिवस गेले. एका सकाळी पायथ्याशी एक भोक पडलं आणि त्यातून पहिली बाहेर आली ती एक म्हातारी चिचुंद्री. तोंडात शेपूट. बाहेर आली तरी सोडेना. येसूआजीने ते ओढून काढलं.

राहीने बहिणीला नाकापासून शेपटापर्यंत हुंगलं. मग म्हणाली, "फुलं वेचायला गेली होतीस ना गं? एवढा वेळ लागतो?"

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मडक्यात माश्या आहेत का, ते आधी सांग!

"मला काय ठाऊक?" राही म्हणाली. "स्वतःचं शेपूट चावत चालायचं म्हणजे मान खाली. वर बघायची सोय होती का?"

म्हणजे ते अजूनही कुणाला कळलेलं नाही.

आणि ते वाक्य? धोंडा बोटभर सरकला होता, टेकडीवर खडे पडत होते, तेव्हा येसूआजीने मिशा पुसल्या आणि शांतपणे म्हटलं, "लोट बाबा, खुशाल लोट, फक्त एवढं ध्यानात ठेव, की तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं माझ्याही बिळात आहे, ते परवापासून गुडगुडतंय, आणि आत काय आहे ते मी कुणाला सांगणार नाही."

तात्पर्य : शहाणपण सांगायला निघताना सोबत एक मडकं न्यावं. आत काय आहे याला महत्त्व नाही. तोंड मात्र घट्ट बांधलेलं असावं. मडक्याचं, आपलं नव्हे.