नाना आणि त्यांचे हिरवे

आमच्या शेजारचे नाना हिरव्याला नुसता हिरवा म्हणू देत नसत. कुणी म्हटलंच, की प्रश्न ठरलेला: "हाऊ हिरवा कोना शे?" म्हणजे, हा हिरवा कोणाचा? जन्मभर जळगावच्या शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली ती पुस्तकी मराठीत. पण रंगाचा विषय निघाला की मधूनच अहिराणी बाहेर यायची.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम. रावेरकडच्या केळीत वाढलो. हिरवा मला कुणी शिकवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. दाराला लावायला मी ऑइलपेंट आणला. नानांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"ग्रॅज्युएट, हा दवाखान्याचा हिरवा. या दारातून पाहुणा खोकतच आत येईल."

"नाना, डब्यावर पानाचं चित्र आहे."

"मग पान आजारी असेल."

मी तोच लावला. दार छान दिसलं. नाना मात्र आत येताना दर वेळी मुद्दाम खोकत.

त्यांच्या मते प्रत्येक हिरव्याचं घराणं वेगळं. चुड्याचा हिरवा लग्नघरचा, त्याला मिरवायचं असतं. रेल्वेच्या झेंडीचा हिरवा भुसावळचा, त्याला सदा घाई. दर्ग्यावरच्या चादरीचा हिरवा शांत, भर उन्हातही गार. आणि सरकारी कपाटांचा तो मळकट हिरवा? "त्याला पेन्शन असते!" मी हसायचो, पण हळूहळू मीही बघायला लागलो. एकच रंग सवाष्णीने हातात भरावा, पिराने पांघरावा आणि गार्डने हलवावा, हे कुणी ठरवलं असेल?

एकदा सलीमभाईंच्या सायकल दुकानाची पाटी नानांनी हौसेने रंगवून दिली, अर्थात चादरीच्या हिरव्यात. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, लाल होना था. दूर से दिखता है. जो आता है, मेरे कू हरा रंगच देता है!"

नाना घरी आले ते स्वतःवरच हसत. "बठ्ठं, अगदी सगळं ठरवलं मी, त्या माणसाला विचारायचंच राहिलं!" दुसऱ्या दिवशी पाटी लाल झाली.

एका विषयावर मात्र नाना गप्प असत. त्यांची एकुलती एक सुधा. आई तिच्या लहानपणीच गेलेली. सुधाने धुळ्यात स्वतःच्या पसंतीने, जातीबाहेर लग्न केलं, आणि नाना लग्नाला गेले नाहीत. नंतरही गेले नाहीत.

माझी बायको धुळ्याची. माहेराहून आली ती निरोप घेऊनच. "नाना, सुधाला सातवा लागला. म्हणाली, डोहाळजेवणाची हिरवी साडी माहेरची लागते. एवढंच म्हणाली."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले. सकाळी दारात हजर. खोकायचंही विसरले होते. "ग्रॅज्युएट, चल जरा बाजारात."

दुकानदाराने गादीवर ढीग टाकला. पोपटी, मेंदी, मोरपंखी, शेवाळी. "कोणता काढू, नाना?"

नाना नुसते घड्या चाळत राहिले. "तिला आता कोणता आवडतो," ते म्हणाले, "मला माहीत नाही."

शेवटी एक साडी घेतली आणि पुडकं माझ्या हातात दिलं. "तू नेऊन दे."

"माझं काय काम तिथं? मी तिच्या माहेरचा नाही."

नानांनी पुडकं परत घेतलं. धुळ्याच्या गाडीत मी शेजारी बसलो होतो. पारोळा मागे पडलं तरी त्यांनी पुडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दार सुधानेच उघडलं. नानांनी पुडकं पुढे केलं. तिने ते उंबऱ्यातच उघडलं, साडी खांद्यावर टाकली आणि उजेडाकडे वळली.

"नाना, शोभतो का हा रंग मला?"

नाना साडीकडे बघतच नव्हते.

"बेटा, पाय सुजेल शेतस तुना," ते म्हणाले. "उभी नको राहू. बस पहिले."